कंबरेच्या मारानंतर ताठरता गेली तर घाबरू नका, गप्पही बसू नका

सेंट्रिंगच्या फळीवरून पडलेला गवंडी. उसाची ट्रॉली आणि भिंत यांच्यात चेपलेला हमाल. हायवेवर ट्रकची धडक बसलेला दुचाकीस्वार. प्रत्येक वस्तीत असा एखादा माणूस असतो. प्लास्टर निघते, हाड जुळते, काठी सुटते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. शेजारीपाजारी म्हणतात, वाचला, बरा झाला. पण त्यातल्या काहींचा एक त्रास दवाखान्याच्या कार्डावर लिहिलेलाच नसतो. लिंगाला ताठरता येत नाही. नवरा ते बायकोला नीट सांगत नाही, बायको कुणाकडे बोलत नाही, आणि डॉक्टरांना गर्दीत विचारायला वेळ नसतो.

राजारामपुरीच्या गल्ल्यांतून आम्ही आरोग्याच्या बैठका घेतो. रक्तदाब, साखर, पाळी, लसीकरण यावर बाया मोकळेपणाने बोलतात. हा प्रश्न मात्र बैठक संपल्यावर, चप्पल घालताना, हळू आवाजात येतो. "ताई, अपघातापासून मालकांना बरं वाटत नाही." त्या "बरं वाटत नाही"मध्ये काय दडलेले आहे, ते नर्सच्या कामात वर्षे काढलेल्या बाईला लगेच कळते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हाच विषय घेतला आहे.

हा विषय मासिकात कशाला?

असे कुणाला वाटले तर एक गोष्ट आठवा. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. वाचक आपल्या लैंगिक अडचणी लिहून पाठवायचे आणि कर्वे त्यांना शास्त्राला धरून उत्तरे द्यायचे. त्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली तो कोर्टात उभा राहिला तेव्हा कर्व्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील झाले असे नाही, आणि लोकांनी प्रश्न विचारले तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, पण मासिक १९५३ साली कर्वे जाईपर्यंत चालू राहिले. ज्या प्रश्नासाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले, तो प्रश्न आपल्या घरात विचारायला लाजण्याचे कारण नाही.

शरीरात नेमके काय बिघडते?

आपण बोलताना रक्ताच्या वाहिनीलाही नस म्हणतो. इथे नस म्हणजे मज्जातंतू, मेंदूचा आणि मणक्याचा संदेश अवयवापर्यंत नेणारी तार.

दोन्ही खुब्यांच्या मध्ये हाडांचा एक घेर असतो. डॉक्टर त्याला पेल्व्हिस म्हणतात. त्या घेरात लघवीची पिशवी, गुदाशय आणि पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी असते. माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडातून काही नसा निघतात, त्यांचे जाळे होते, आणि त्यातल्या अगदी बारीक नसा प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंनी लिंगाकडे जातात. इच्छा झाली की या नसांमधून संदेश जातो. नसेच्या टोकाशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्यामुळे लिंगातले स्नायू सैल पडतात, रक्त आत भरते, बाहेर जाण्याची वाट दाबली जाते आणि ताठरता येते.

हाडांचा घेर मोडला की या बारीक नसा ताणल्या जातात, चेपतात किंवा तुटतात. कधी लिंगाला रक्त पुरवणारी वाहिनीही फाटते. प्रोस्टेट, लघवीची पिशवी किंवा गुदाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्येही याच नसांना धक्का लागू शकतो. पोटाच्या खालच्या भागाला दिलेल्या रेडिएशनने हळूहळू असाच परिणाम होतो. अनेक वर्षे साखर वाढलेली असेल तर तीही याच नसा आणि वाहिन्या खराब करते.

यात समजून घेण्याची मोठी गोष्ट ही की ताठरतेच्या नसा वेगळ्या आणि स्पर्श कळण्याची नस वेगळी. त्यामुळे ताठरता गेली तरी इच्छा राहू शकते, स्पर्श कळू शकतो, सुखाची जाणीवही राहू शकते. पुरुषाचे बीज वृषणात तयार होते. पेल्व्हिसमधली नस दुखावली म्हणून ते बनणे आपोआप थांबत नाही. "आता तू पुरुष राहिला नाहीस" असे कुणी म्हणत असेल, किंवा माणूस स्वतःच स्वतःला म्हणत असेल, तर ते शरीरशास्त्राला धरून नाही.

नस पुन्हा भरते का?

भरते, पण कितपत ते इजेवर अवलंबून असते. ब्रिटिश सर्जन हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली नसेच्या इजेचे तीन प्रकार मांडले. आजही डॉक्टर त्याच मापाने बोलतात.

पहिल्या प्रकारात नस फक्त दबलेली किंवा हादरलेली असते. तार अखंड असते, संदेश तेवढा थांबलेला असतो. अशी नस काही आठवड्यांत, फार तर तीन-चार महिन्यांत जागी होते.

दुसऱ्या प्रकारात आतली तार तुटते पण वरचे आवरण शाबूत राहते. तुटलेल्या पुढच्या भागातली तार झडून जाते. मग आवरणातल्या पेशी ती घाण साफ करतात आणि नव्या तारेसाठी वाट मोकळी ठेवतात. मागच्या टोकातून नवा कोंब फुटतो आणि त्या वाटेने पुढे सरकतो. त्याचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच.

तिसऱ्या प्रकारात आवरणासकट नस तुटते. मध्ये जखमेचा कडक व्रण येतो. कोंबाला वाट सापडत नाही, आणि अशी नस आपली आपण जुळून येण्याची आशा फार कमी असते.

महिन्याला एक इंच म्हणजे दोन-तीन महिन्यांत काम झाले, असा हिशेब मात्र करू नका. ताठरतेच्या नसा फार बारीक असतात आणि जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये नसा वाचवल्या तरी ताठरता परत यायला अनेकांना दीड ते दोन वर्षे लागतात. पहाटे किंवा झोपेत थोडीशी ताठरता जाणवू लागली तर नस जागी होत असल्याचे ते चांगले लक्षण आहे. ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावे.

या वाट पाहण्याच्या काळात एक धोका असतो. निरोगी माणसाला झोपेत रोज काही वेळा ताठरता येते आणि त्या वेळी लिंगातल्या स्नायूंना ताजे रक्त मिळते. नस मुकी झाली की हे थांबते. महिनोन्‌महिने रक्त कमी मिळाले तर तो स्नायू आकसतो आणि कडक होतो. पुढे नस भरून आली तरी स्नायू साथ देत नाही. म्हणून "दोन वर्षे थांबू, मग बघू" असे करू नये. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच डॉक्टरांना दाखवावे.

अपघाताच्या जागी काय करावे?

कंबरेला जबर मार लागलेल्या माणसाला उचलून रिक्षात कोंबू नका, दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका. १०८ ला फोन करा. तोवर त्याला सरळ झोपवा, कुशीवर वळवू नका, पाय फाकवून बघू नका. चादर किंवा साडीची रुंद घडी करून दोन्ही खुब्यांभोवती घट्ट बांधा. कंबरेच्या वर पोटाला बांधू नका. त्याने मोडलेली हाडे कमी हलतात आणि आतला रक्तस्राव आवरायला मदत होते.

लघवीच्या जागी रक्त दिसत असेल किंवा लघवी होतच नसेल, तर पोचल्यावर पहिल्यांदा तेच सांगा. अशा वेळी लघवीची नळी जोर लावून घालायची नसते. आधी डाय घालून एक्स-रे काढतात आणि मूत्रमार्ग फाटला आहे का ते बघतात. बळजबरीने घातलेल्या नळीने अर्धवट फाटलेला मार्ग पूर्ण फाटू शकतो.

आणखी एक. मणक्याच्या दुखण्यात अचानक दोन्ही पाय लुळे वाटू लागले, बसतो त्या जागी आणि जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा शौचावर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. मालिश, मणका बसवून घेणे, गरम विटेचा शेक यात एक रात्रही घालवू नका. मणक्याच्या तळाशी नसांचा झुबका दाबला गेला तर वेळेवर झालेल्या ऑपरेशनने तो वाचू शकतो.

ऑपरेशनआधी विचारायचा प्रश्न

प्रोस्टेटच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले की ताठरता जाणारच, असे एके काळी डॉक्टरही धरून चालत. या नसा नेमक्या कुठून जातात, हेच नीट माहीत नव्हते. १९८१ साली हॉलंडमधल्या लायडन शहरात पीटर डोंकर आणि अमेरिकेतले पॅट्रिक वॉल्श या दोन सर्जननी शवविच्छेदन करून ती वाट शोधली. नसा ग्रंथीच्या आतून नव्हे तर बाहेरून, कडेने जातात असे दिसले. १९८२ साली वॉल्श यांनी नसा बाजूला राखून पहिले ऑपरेशन केले. आज कॅन्सर कुठवर पसरला आहे ते बघून सर्जन एका किंवा दोन्ही बाजूंच्या नसा वाचवायचा प्रयत्न करतात. कॅन्सर नसेपर्यंत गेला असेल तर जीव आधी, नस नंतर.

म्हणून ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही करण्याआधी एवढे विचारा: "डॉक्टर, नसा वाचवता येतील का? नंतर ताठरतेसाठी काय करायचे? मूल हवे आहे, तर आधी वीर्य साठवून ठेवावे का?" तिन्ही प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

वय झालेल्या माणसांसाठी एक खुलासा. लघवी अडते म्हणून दुर्बिणीने प्रोस्टेट कोरतात, ते कॅन्सरचे ऑपरेशन नाही. त्यानंतर वीर्य बाहेर येण्याऐवजी मागे पिशवीत जाते आणि पुढे लघवीतून निघून जाते. त्याला पुष्कळ आजोबा "ताकद गेली" समजतात. तसे नाही. बहुतेकांची ताठरता त्यानंतरही टिकते.

उपचार कोणते आहेत?

गोळी: सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल या गोळ्या जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात. नसेचा थोडा तरी संदेश येत असेल तर त्या उपयोगी पडतात. नस पूर्ण तुटली असेल तर त्यांचा उपयोग कमी. गोळीने नस लवकर वाढते असे सिद्ध झालेले नाही. छातीत दुखते म्हणून जिभेखाली ठेवायची किंवा हृदयाची नायट्रेटची गोळी चालू असेल तर या गोळ्या घ्यायच्या नाहीत. दोन्ही मिळून रक्तदाब इतका उतरतो की जीव जाऊ शकतो. मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोळी आणू नका.

पंप: काचेसारख्या नळीतली हवा काढून लिंगात रक्त ओढून घेणारे साधन असते. बुडाशी रबराची रिंग लावतात. रिंग अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवायची नाही. नस भरेपर्यंत स्नायूंना रक्त मिळत राहावे म्हणूनही डॉक्टर पंप सांगतात.

इंजेक्शन: लिंगाच्या बाजूला बारीक सुईने औषध देतात. ते थेट स्नायूवर काम करते, म्हणून नस मुकी असली तरी उपयोग होतो. प्रमाण डॉक्टर ठरवतात आणि स्वतः कसे घ्यायचे ते शिकवतात. गोळीने असो वा इंजेक्शनने, ताठरता चार तासांपेक्षा जास्त राहिली तर ती इमर्जन्सी आहे. रात्र असली तरी दवाखान्यात जा.

रॉड: बाकी काही लागू पडले नाही तर ऑपरेशन करून लिंगाच्या आत दोन रॉड बसवतात. परदेशी रॉड महाग असतात. मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी भारतात बनणारा वाकवता येणारा रॉड तयार केला. तो परदेशी रॉडपेक्षा बराच स्वस्त पडतो, आणि त्यामुळे साध्या घरातल्या माणसालाही हा मार्ग विचारात घेता येतो.

मूत्रमार्ग फाटला असेल तर तो दुरुस्त करायचे वेगळे ऑपरेशन असते. या कामात पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांचे नाव जगभर घेतले जाते आणि बाहेरच्या देशांतले सर्जन ते काम बघायला पुण्यात येतात. लैंगिक आजारांवर मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. प्रकाश कोठारी यांनी स्वतंत्र विभाग सुरू केला. म्हणजे या त्रासाची शास्त्रशुद्ध विद्या आपल्या महाराष्ट्रात आहे. ती वस्तीपर्यंत पोचलेली नाही, हे दुखणे वेगळे.

पैसे कुठे घालवू नयेत?

एस.टी. स्टँडच्या मुतारीत चिकटवलेली चिठ्ठी, भिंतीवर रंगवलेला "गुप्तरोग, खात्रीने इलाज", रस्त्याकडेच्या तंबूतली बरणी. अपघाताने आधीच कर्जात बुडालेला माणूस इथे उरलेले पैसे घालवतो. अशा पुडीत पुष्कळदा सिल्डेनाफिलच कुटून घातलेले असते, प्रमाणाचा पत्ता नसतो. काहीत स्टेरॉइड, काहीत शिसे-पारा. कुठल्याही पुडीने तुटलेली नस जुळत नाही.

लैंगिक ताकद वाढवण्याची जाहिरात करणे हा १९५४ च्या जादूटोण्यासारख्या उपायांच्या आणि औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. भिंतीवरच्या जाहिरातीचा फोटो काढा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. मंडळाच्या सहीने दिली तर आणखी बरे.

आता नवे तंबू एसी लावलेले आहेत. "स्टेम सेलने नस उगवते" म्हणून लाखभर रुपये मागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यता असलेल्या संशोधनातच करता येतो. आणि संशोधनात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले की समजा, हे संशोधन नाही, धंदा आहे.

नसेला खरी मदत करणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. विडी, तंबाखू, मिश्री बंद. दारू बंद. साखर आणि रक्तदाब ताब्यात. डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज चालणे. बी-१२ कमी असेल तर तपासून त्याचे औषध. कमी नसेल तर ताकदीच्या इंजेक्शनचा कोर्स म्हणजे पैशाचा चुराडा.

घरातल्या बाईसाठी

या आजारात मार नवऱ्याला लागतो आणि बोल बायकोला लागतात. तो जवळ येईना म्हणून तिला वाटते, बाहेर कुणी आहे. तो चिडतो, पितो, हात उगारतो, कारण सांगायला शब्द नाहीत. मूल झाले नाही तर सासरी तिलाच वांझ म्हणतात, उपासतापास तिच्याच वाट्याला येतात. हे थांबवायचे तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. आजार नसेचा आहे हे दोघांनी एका वेळी ऐकले की अर्धे भांडण तिथेच मिटते. ताठरता नसतानाही जवळीक राहते. शेजारी झोपणे, हात फिरवणे, बोलणे याला कुठल्या नसेची परवानगी लागत नाही.

बायांनाही या नसांचा मार बसतो, हे विसरू नका. पेल्व्हिस मोडल्यावर, गर्भाशयाच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर किंवा रेडिएशननंतर कोरडेपणा, बधिरपणा, संबंधाच्या वेळी दुखणे, लघवी अडणे किंवा गळणे असे त्रास होतात. त्यावरही उपचार आहेत. बाईने सोसायचेच असते, असा काही वैद्यकाचा नियम नाही.

माणूस फार गप्प झाला असेल, मरणाचे बोलत असेल, तर ते मनावर घ्या. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते.

कुठे जायचे?

कोल्हापुरात आधी सीपीआर, म्हणजे आपला थोरला दवाखाना. सर्जरीच्या ओपीडीत जा, लघवीच्या आजारांचे डॉक्टर, म्हणजे यूरोलॉजिस्ट, कोणत्या दिवशी असतात ते विचारा. गर्दीत बोलायला संकोच वाटत असेल तर एका चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या: "अमुक तारखेला पेल्व्हिसला मार लागला, तेव्हापासून ताठरता येत नाही." एवढ्या एका ओळीने तपासणी सुरू होते. सोबत जुने एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांच्या पट्ट्या न्या.

अपघाताच्या आणि मूत्रमार्गाच्या अनेक ऑपरेशनांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू होते. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. आपले ऑपरेशन योजनेत बसते का ते भरती होण्याआधी विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

आणि ज्यांच्या घरात असा कुणी नाही, त्यांनी हे पान फाडून ठेवा. अपघात झालेल्या शेजाऱ्याला भेटायला जाताना बिस्किटाच्या पुड्याबरोबर हेही द्या. तोंडाने सांगायला अवघड जाते, कागद द्यायला तेवढे जात नाही.